अजिंठ्यात उभी उमर घातलेले मेजर गिल : नकला लंडनला जळाल्या, मूळ भिंत मात्र अजून आपल्याजवळ

फर्दापूर (ता. सोयगाव) : सिल्लोडहून जळगावकडं जाताना अजिंठ्याचा घाट उतरला की फर्दापूरच्या अलीकडं लेणीचा फाटा लागतो. आपल्या भागातली माणसं या फाट्यावरून वर्षातून कितीतरी वेळा जातात. कुणी दवाखान्यात, कुणी कापूस घेऊन, कुणी लग्नाला. पण आत वळणारे किती? दुसऱ्याला कशाला बोलू, मी याच भागातला शेतकरी. शेतापासून लेणी मोटारसायकलनं पाऊण तासावर. तरी तिथली चित्रं नीट बघितली तेव्हा माझी तिशी उलटून गेली होती. त्याआधी शाळेच्या सहलीत एकदा गेलो होतो. आत अंधार, काही दिसलं नाही, दहा मिनिटांत बाहेर येऊन झाडाखाली डबा खाल्ला. आठवण तेवढीच.

ज्या अंधारात आपल्याला दहा मिनिटं दम निघत नाही, त्याच अंधारात एक माणूस अठरा वर्षं ब्रश घेऊन बसला. त्याचं नाव रॉबर्ट गिल. आपल्याकडं सगळे मेजर गिल म्हणतात. त्यांची आणि पारोची प्रेमकथा घराघरात माहीत आहे. ना. धों. महानोरांनी त्यावर 'अजिंठा' हे दीर्घकाव्य लिहिलं, २०१२ साली नितीन देसाईंनी सिनेमा काढला. पण गिल नेमके इथं कशाला आले, त्यांनी केलं काय आणि त्या कामाचं पुढं झालं काय, हे फार कमी जणांना ठाऊक आहे. आज ती गोष्ट सांगतो.

लेणी 'सापडली' ती आधी

गिल यांच्याही आधीची एक गोष्ट सांगावी लागेल. १८१९ च्या एप्रिल महिन्यात मद्रासच्या घोडदळातला जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीसाठी वाघूर नदीच्या खोऱ्यात फिरत होता. त्याला झाडीतून लेणीचं तोंड दिसलं. आपल्याकडच्या गुराख्यांना आणि लेणापूरच्या लोकांना ही जागा आधीपासून माहीत होतीच. पण बाहेरच्या जगाला ती कळली ती तेव्हापासून.

या स्मिथनं आत जाऊन काय केलं? दहाव्या क्रमांकाच्या लेणीत खांबावरच्या रंगीत चित्रावर आपलं नाव आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख कोरून ठेवली. आज ते नाव आपल्या डोक्याच्याही वर दिसतं. कारण त्या वेळी लेणीत माती-दगडाचा मोठा थर साचलेला होता आणि स्मिथ त्या थरावर उभा होता. थर काढला, जमीन खाली गेली, नाव वर राहिलं. लेणीत नाव कोरायची खोड कुठून सुरू झाली याचा हा पुरावाच म्हणा ना.

लंडनचा पोरगा, मद्रासची पलटण

गिल यांचा जन्म १८०४ चा, लंडनमधला. त्याच्या आदल्याच वर्षी, १८०३ मध्ये, आपल्याजवळ असईची मोठी लढाई झाली होती. मराठ्यांविरुद्धच्या त्या लढाईतले इंग्रजांचे जखमी सैनिक अजिंठा गावात आणून ठेवले होते. म्हणजे अजिंठा गाव इंग्रजांच्या कागदावर आलं ते लेणीमुळं नाही, लढाईमुळं.

विशीच्या आसपास गिल ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास फौजेत भरती झाले. चव्वेचाळिसाव्या पायदळ पलटणीत होते. नोकरी शिपाईगिरीची, पण हातात चित्रकला होती. १८४१ मध्ये बंगळूरला त्यांचं लग्न झालं. बायकोचं नाव फ्रान्सिस.

त्याच सुमारास जेम्स फर्ग्युसन नावाचा एक इंग्रज देशभर जुनी लेणी-मंदिरं बघत फिरत होता. अजिंठ्याला तो १८३९ मध्ये आला. इथली चित्रं झपाट्यानं खराब होत चाललीत, हे त्याच्या लक्षात आलं. पाणी झिरपत होतं, वटवाघळं होती आणि येणारा जो तो रंगाचा तुकडा खरवडून खिशात घालत होता. १८४३ मध्ये त्यानं लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढं हा विषय मांडला. सोसायटीनं कंपनीला विनंती केली, की ही चित्रं नष्ट व्हायच्या आत कुणाकडून तरी उतरवून घ्या. कंपनीनं मान्य केलं. असा माणूस हवा होता जो फौजेतला असेल, रानात राहू शकेल आणि ज्याला चित्रंही काढता येतील. १८४४ मध्ये नेमणूक निघाली ती कॅप्टन रॉबर्ट गिल यांची. वय चाळीस.

अजिंठ्याची बारादरी आणि अठरा वर्षांचं काम

तेव्हा हा सगळा मुलूख निजामाचा. गिल अजिंठा गावातल्या बारादरीत राहायला आले. गाव वर पठारावर, लेणी खाली घाटात, मध्ये अकरा-बारा किलोमीटरचं अंतर. आज आपण गाडीनं अर्ध्या तासात जातो. तेव्हा घोडा नाही तर पाय. खोऱ्यात दाट जंगल, त्यात वाघ. गिल स्वतः पट्टीचे शिकारी होते आणि त्यांनी पुष्कळ वाघ मारले. आज त्याचं कौतुक कुणी करणार नाही, पण तो काळ तसा होता.

आता कामाचं सांगतो. अजिंठ्यातली चित्रं म्हणजे नुसता दगडावर फासलेला रंग नाही. आधी दगडावर मातीचा गिलावा. त्या मातीत भाताचा तूस, गवताचे तंतू, शेण कालवलेलं. आपल्या आज्या कुडाची भिंत जशी लिंपायच्या तसंच. त्यावर चुन्याचा पातळ हात आणि मग रंग. बहुतेक रंग दगड-मातीतून काढलेले. निळा तेवढा अफगाणिस्तानातून आलेल्या मौल्यवान दगडाचा. इथली सगळ्यात जुनी लेणी इसवी सनाच्या आधीची आहेत. पण आपण ज्या चित्रांचं कौतुक करतो त्यातली बहुतेक साडेपंधराशे वर्षांपूर्वीची, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली. म्हणजे मातीच्या गिलाव्यानं इतका काळ रंग धरून ठेवलाय.

ते चित्र कॅनव्हासवर तेलरंगात उतरवायचं, तेही मोठ्या आकारात. आत दिवसासुद्धा अंधुक. उजेड दाराशी येतो आणि उन्हाप्रमाणं सरकत जातो. जिथं रंग उडालाय तिथं गिलावा उघडा. कुठं हात आहे पण चेहरा नाही, कुठं चेहरा आहे पण डोळे गेलेत. मनानं काही भरायचं नाही, जेवढं आहे तेवढंच उतरवायचं. एकेका चित्राला महिनेच्या महिने लागायचे. उन्हाळ्यात दगड तापायचा, पावसाळ्यात वाघूर भरून वाहायची, नंतर ताप यायचा. गिल यांची तब्येत ढासळली, फौजेची नोकरी सुटली. पण चित्रांचं काम सुटलं नाही. १८६३ पर्यंत ते चालूच होतं.

तयार झालेली चित्रं समुद्रमार्गे लंडनला जायची. तिथल्या लोकांनी अजिंठा पहिल्यांदा बघितला तो गिल यांच्या डोळ्यांनी. हिंदुस्थानात इतक्या जुन्या काळी अशी चित्रकला होती, हे तोवर युरोपात फारसं कुणाला माहीत नव्हतं.

पारो : दगड काय सांगतो

आता पारोचं. गावोगावी सांगतात, की ती लेणापूरची मुलगी, झाडपाल्यातून रंग करून द्यायची, वाट दाखवायची. यातलं किती घडलं आणि किती लोकांनी प्रेमानं जोडलं, ते वेगळं करणं अवघड आहे. पण अजिंठा गावात एक थडगं आहे. त्यावरच्या दगडावर इंग्रजीत तिचं नाव आहे, २३ मे १८५६ ही तारीख आहे आणि ती आपल्याला प्रिय होती, असं गिल यांनी कोरून घेतलंय. त्या काळी एका इंग्रज अधिकाऱ्यानं खेड्यातल्या बाईसाठी उघडपणे असा दगड बसवावा, ही साधी गोष्ट नव्हती.

पण गोष्टीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गिल यांना बायको-मुलं होती. ती काही काळ इकडं होती, नंतर इंग्लंडला परतली. गिल गेले नाहीत. पारो गेल्यानंतर दुसऱ्या एका इथल्या बाईपासून त्यांना दोन मुलीही झाल्या. सिनेमात माणूस एकाच रंगाचा दाखवतात, खरा माणूस तसा नसतो. फ्रान्सिसनं काय सोसलं, पारोच्या घरच्यांनी काय सोसलं, ते कुणी लिहून ठेवलं नाही. लिहिणारे गिलसाहेबांबद्दल लिहीत होते.

३० डिसेंबर १८६६

लंडनच्या दक्षिणेला सिडनहॅम इथं क्रिस्टल पॅलेस नावाचा काचेचा आणि लोखंडाचा प्रचंड महाल होता. त्यात देशोदेशीच्या वस्तू मांडलेल्या असायच्या. लोक तिकीट काढून बघायला जायचे. गिल यांची अजिंठ्याची मोठमोठी चित्रं तिथं लावलेली होती. ३० डिसेंबर १८६६ रोजी त्या महालाच्या एका भागाला आग लागली. चित्रं त्याच भागात होती, ती जळाली. जी तिथं टांगलेली नव्हती अशी मोजकी वाचली. ती आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत.

विचार करा मंडळी. आपल्याकडं उभा कापूस गारपिटीत गेला तर माणूस चार दिवस जेवत नाही. हे तर अठरा वर्षांचं पीक होतं. गिल तेव्हा बासष्ट वर्षांचे. चित्रं जळाली तिकडं आणि ती काढणारा माणूस अजून इथं, त्याच भिंतींजवळ.

दुसरं हत्यार : कॅमेरा

पण तोवर गिल यांच्या हातात दुसरं साधन आलं होतं, कॅमेरा. १८५० च्या दशकातच ते फोटो काढायला लागले होते. तेव्हा फोटो काढणं म्हणजे आजच्यासारखं मोबाईल वर केला आणि झालं, असं नव्हतं. काचेच्या पट्टीवर जागेवरच रसायनाचा लेप द्यायचा, तो ओला असेपर्यंत फोटो घ्यायचा आणि लगेच काळोख्या तंबूत धुवायचा. आपल्या उन्हात तो लेप वाळायला किती वेळ लागणार! तरी त्यांनी अजिंठा, वेरूळ आणि वऱ्हाडातल्या लोणारसारख्या ठिकाणची जुनी मंदिरं काचेवर घेतली. त्यातले बरेचसे फोटो जोडीचे असत. म्हणजे एकाच दृश्याचे शेजारी शेजारी दोन फोटो. भिंगाच्या यंत्रातून बघितले की खांब पुढं आणि भिंत मागं, असं खरं खोल दिसायचं. १८६४ मध्ये हे फोटो लंडनला दोन पुस्तकांतून छापले गेले. मजकूर फर्ग्युसनचा, फोटो गिल यांचे.

आज या फोटोंची किंमत फार आहे. तेव्हा कोणते खांब मोडलेले होते, कुठं दगड ढासळला होता, कोणती मूर्ती कशी होती, हे त्यात दिसतं. नंतर झालेली दुरुस्ती कुठली आणि मूळ काम कुठलं, हे ओळखायला जुन्या फोटोसारखा साक्षीदार नाही.

आगीनंतरही गिल थांबले नाहीत. साठी ओलांडल्यावर त्यांनी पुन्हा नकला करायला घेतल्या. पहिल्याइतकं काम आता होणार नव्हतं, हे त्यांनाही कळत असणार. तरी सुरुवात केली. आपल्यातला एखादा म्हातारा दुबार पेरणीला उभा राहतो ना, तसंच ते.

शेवट भुसावळात

१८७९ च्या एप्रिलमध्ये गिल आजारी पडले. घाटाखाली खानदेशात तोवर रेल्वे आलेली होती. त्यांना भुसावळकडं नेत असताना वाटेतच त्यांनी प्राण सोडला. वय चौऱ्याहत्तर. भुसावळच्या इंग्रजी कबरस्तानात त्यांना पुरलं. पारो वर अजिंठा गावात आणि गिल खाली भुसावळात. चौतीस वर्षं माणूस इथं राहिला. त्याचं काम इंग्लंडला गेलं, माती मात्र इथलीच लाभली.

नकलांचं नशीब

गिल हयात असतानाच, १८७२ पासून, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन अजिंठ्यात आले होते. ही सगळी इथलीच मुलं. त्यांनी तेरा वर्षं खपून पुन्हा नकला केल्या. त्याही लंडनला गेल्या आणि १८८५ च्या आगीत त्यातल्या शंभरावर जळाल्या. पुढं जपानच्या चित्रकारांनी येऊन नकला केल्या, त्या टोकियोला १९२३ च्या भूकंपात गेल्या. लोक याला शाप म्हणतात. मला तसं वाटत नाही. कागद आणि कापड जळतं, त्यात शाप कसला? यातून शिकायचं ते वेगळंच आहे. नकल कितीही चांगली असो, कुठंही ठेवा, ती जाऊ शकते. भरवसा ठेवायचा तो मूळ भिंतीवर.

आणि भिंतीचीही एक मर्यादा आहे. चित्रं स्पष्ट दिसावीत म्हणून मागच्या काळात नकला करणाऱ्यांनी आणि दुरुस्ती करणाऱ्यांनी त्यावर वॉर्निशचे हात दिले. ते वॉर्निश पुढं पिवळं, काळपट पडलं. हेतू वाईट नव्हता, तरी नुकसान झालं. तो थर काढायला पुरातत्त्व खात्याच्या माणसांना वर्षानुवर्षं कापूस आणि औषध घेऊन इंच इंच पुसत बसावं लागलं. आपण भिंतीला नुसता हात लावला तरी हाताचा घाम आणि तेल तिथं राहतं. आपला श्वास म्हणजे ओल. मातीच्या गिलाव्याला ओल काय करते, हे शेतकऱ्याला सांगायची गरज नाही. म्हणून तर चित्रांच्या लेणीत एका वेळी ठराविकच माणसं सोडतात.

बघायचं कसं?

१९८३ पासून अजिंठा आणि वेरूळ ही दोन्ही ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. जपान, श्रीलंका, युरोपातून माणसं येतात. मग लेणापूर, फर्दापूर, गोळेगाव, शिवना इथल्या पोरांनी का जाऊ नये?

अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी. अजिंठ्याला फाट्यावर आपली गाडी ठेवून तिथल्या बसनं आत जावं लागतं. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. चित्रांच्या लेणीत चप्पल-बूट बाहेर काढायचे, मोबाईलचा फ्लॅश बंद ठेवायचा.

सगळ्यात महत्त्वाचं, आत गेल्यावर लगेच बाहेर पडू नका. मी पहिल्या वेळी तीच चूक केली. उन्हातून आत गेल्यावर डोळ्यांना काहीच दिसत नाही. पाच मिनिटं गप उभं राहा. हळूहळू आधी हात दिसतो, मग मुकुट, मग निळं कमळ धरलेला पद्मपाणी पूर्ण दिसतो. पहिल्या लेणीत खांबाच्या माथ्यावर झुंजणारे दोन बैल रंगवलेत, ते शोधा. मान कशी खाली घातली, पाठीचं वशिंड कसं ताठलं, ते बघा. काढणाऱ्यानं बैल जवळून बघितला होता, हे कुठल्याही शेतकऱ्याला लगेच कळेल. तिथंच चार हरणं आणि चौघांना मिळून एकच डोकं, असंही कोरीव काम आहे. पोरांना ते दाखवा, अर्धा तास हलणार नाहीत. पुढं सोळा आणि सतरा नंबरच्या लेणीत जातककथा आहेत. सव्वीस नंबरमध्ये बुद्धाची आडवी महापरिनिर्वाणाची मूर्ती आहे.

आणि दहाव्या लेणीत वर मान करून जॉन स्मिथचं नावही बघा. दोनशे वर्षांत त्याच्यासारखी नावं कोरणारे खूप झाले, मराठीतही झाले. आज तो गुन्हा आहे. संरक्षित स्मारकाचं नुकसान केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पण कायद्याचा धाक बाजूला ठेवा. एकानं एका दिवसात चित्रावर नाव कोरलं. दुसऱ्यानं अठरा वर्षं बसून तेच चित्र वाचवायची धडपड केली, आणि त्याच्या हाती फार थोडं उरलं. आपण लेणीच्या उंबऱ्यावर राहणारी माणसं. या दोघांपैकी कुणाच्या वाटेनं जायचं, ते आपल्या पोरांना आपणच सांगायचं आहे.

कापसाची वेचणी उरकली की एक दिवस काढा. डबा बांधून घ्या, म्हाताऱ्या माणसांनाही बरोबर न्या. येताना घाट चढून अजिंठा गावात पारोच्या थडग्यापाशी दोन मिनिटं थांबा. मी या वर्षी घरच्यांना घेऊन निघालोय.